स्वतःला दिलेल्या शिक्षेने कोणाचे देणे फिटते?

नागपुरातील एका वाचक भगिनीच्या पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

या भगिनी पंचेचाळिशीच्या आहेत, शिक्षिका आहेत आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका मंडळीच्या सभासद आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या आईची त्यांनी बरीच वर्षे घरी सेवा केली. एका दुपारी आईने घराबाहेर जाण्याचा हट्ट सोडला नाही, तेव्हा त्या आईवर ओरडल्या आणि खोलीला बाहेरून कडी लावून स्वयंपाकघरात निघून गेल्या. आई आत पडली, तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि काही आठवड्यांनी रुग्णालयातच तिचे निधन झाले. पुण्यात राहणाऱ्या भावाला त्यांनी सांगितले, की सांभाळणाऱ्या मावशींचे लक्ष नसताना आई पडली. प्रत्यक्षात मावशींना त्यांनीच औषधे आणायला पाठवले होते. भावाने मावशींना पाठवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली आणि मावशींचे काम गेले.

तेव्हापासून या भगिनी दर शुक्रवारी निर्जळी उपवास करतात, जमिनीवर झोपतात आणि तांदळाच्या दाण्यांवर गुडघे टेकून प्रार्थना करतात. गेल्या मे महिन्यात त्या अनवाणी चर्चला जात होत्या. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि गुडघ्यांवरच्या जखमा भरत नाहीत. येत्या राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या (लेंटच्या) पहिल्या दिवसापासून, चाळीस दिवस सूर्यास्तापर्यंत पाणीही न घेण्याचे त्यांनी ठरवले आहे. पती आणि पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) थांबा म्हणतात, प्रार्थनागटातील भगिनी मात्र त्यांच्या भक्तीचे कौतुक करतात. त्या विचारतात: "ख्रिस्ताने माझ्यासाठी एवढे भोगले, मग मी थोडे भोगले तर काय चुकले? ख्रिस्ताच्या क्लेशांतले जे उरले आहे ते मी आपल्या देहाने भरून काढतो, असे बायबलमध्ये प्रेषित पौलानेही लिहिले आहे. आणि हे सगळे थांबवले, तर आईच्या जाण्याचे मला काहीच वाटले नाही असे होणार नाही का?"

ताई, सप्रेम जय ख्रिस्त.

आधी देहाविषयी लिहिते, कारण ते थांबण्यासारखे नाही. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीने नागपुरात, मार्च-एप्रिलच्या वाढत्या उन्हात, दिवसभर पाण्याविना राहणे धोक्याचे आहे. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तदाब अचानक खाली येऊ शकतो आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. चाळीस दिवसांचा हा संकल्प तुम्ही सुरू करू नये, तांदळाचे दाणे आजच डब्यात परत जावेत आणि गुडघ्यांच्या जखमा या आठवड्यात डॉक्टरांना दाखवाव्यात, असे मी स्पष्टपणे सांगते. संकल्प मोडला म्हणून देव रागावेल ही भीती बाळगू नका. स्वतःला इजा करण्याचा संकल्प पाळावा, असे त्याने कोणाकडूनही मागितलेले नाही.

आता तुमचा प्रश्न. "ख्रिस्ताने भोगले, मग मीही थोडे भोगले तर" या वाक्याखाली एक गृहीत आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण ते तपासून न पाहता मनात वागवत असतात. ते असे, की दुःख ही देवाकडे जमा करण्याची वस्तू आहे. येशूने तिचा मोठा वाटा भरला आणि उरलेला आपण भरायचा. वधस्तंभाविषयी शुभवर्तमान जे सांगते ते याहून अगदी वेगळे आहे. ख्रिस्तामध्ये देव स्वतः जगाचा आपल्याशी समेट करत होता, असे पौल करिंथकरांना लिहितो. वेदना पाहून शांत होणारा देव आणि त्याच्या समाधानासाठी वेदना सोसणारा दुसराच कोणी, असे ते चित्र नाही. ज्याचा अपराध झाला त्यानेच, प्रेमापोटी, अपराधाचा भार स्वतःवर घेतला. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे रोमकरांस पत्रातील विधान तुम्ही शाळेतल्या मुलांना अनेकदा शिकवले असेल. त्यातील "असतानाच" या शब्दावर थांबून पाहा. आपण पुरेसे रडल्यावर, पुरेसे उपाशी राहिल्यावर तो मेला, असे तेथे म्हटलेले नाही.

इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय या आठवड्यात सावकाश वाचावा, अशी विनंती आहे. मंदिरातील याजक दररोज उभा राहून तीच तीच अर्पणे पुन्हा पुन्हा करतो, आणि ती पुन्हा करावी लागतात हीच ती पापे दूर करू शकत नसल्याची खूण आहे, असे तो लेखक दाखवून देतो. ख्रिस्ताने मात्र एकदाच अर्पण केले आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. काम संपलेला मनुष्य बसतो तसा. आता तुमच्या शुक्रवारांकडे पाहा. तुम्हीच लिहिले आहे, की शुक्रवारी रात्री मन थोडे हलके होते, रविवारी पुन्हा जड होते आणि पुढच्या शुक्रवारी आधीपेक्षा जास्त करावेसे वाटते. साध्या उपवासावरून तुम्ही निर्जळीवर आलात, निर्जळीवरून तांदळाच्या दाण्यांवर, आणि आता चाळीस दिवसांवर. ही वाट चढतच जाते, कारण तिच्या शेवटी "आता पुरे" म्हणणारा कोणी उभा नाही. "पूर्ण झाले आहे" असे वधस्तंभावरून म्हटले गेले ते त्याच्या दुःखाबद्दल. तुमच्या किंवा माझ्या दुःखाबद्दल ते कोणीही, कधीही म्हणू शकणार नाही.

तुमच्या मनात येथे एक आक्षेप उभा राहील, हे मला दिसते: फुकट मिळालेली क्षमा घेणे हे निर्लज्जपणाचे नाही का? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो पेत्रानेही घेतला होता. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्र म्हणाला, की तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला ते किती नम्र वाटते! गुरूने शिष्याचे पाय धुवावेत हे त्याला सहन होईना. पण येशूने त्याला कौतुकाची थाप दिली नाही. मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, इतके कठोर उत्तर दिले. आपली मलिनता दुसऱ्याच्या हाती देणे हे ती स्वतः घासत बसण्यापेक्षा फार अवघड असते. घासत बसण्यात निदान सूत्रे आपल्या हाती असतात. ताई, तुमच्या तपश्चर्येत प्रेम आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही तिच्यात पेत्राचा तो नकारही मिसळलेला आहे का, हे तुम्ही स्वतःला विचारावे असे मला वाटते.

पौलाच्या ज्या वाक्याचा तुम्ही आधार घेतला, ते कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. पौल ते बंदिवासातून लिहितो आहे. त्याचे क्लेश त्याने स्वतःला लावून घेतलेले नाहीत. मंडळ्यांची सेवा करताना ते त्याच्यावर आले, आणि ते मंडळीकरिता आहेत असे तो त्याच वाक्यात म्हणतो. पापाची भरपाई हा तेथे विषयच नाही. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, शरीराला कष्ट देण्याच्या नियमांना ज्ञानाचे नुसते रूप असते आणि देहस्वभावाला आवर घालण्यासाठी त्यांचा उपयोग नसतो, असेही त्याने बजावले आहे. तुमच्या प्रार्थनागटातील भगिनींनी हा अध्याय एकत्र वाचावा. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु भरत नसलेल्या जखमेचे भक्ती म्हणून कौतुक करणे मला अयोग्य वाटते.

या वाटेने तुमच्या आधी पुष्कळ जण गेले आहेत. पुढे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन लूथर १५०५ मध्ये जर्मनीतील एरफुर्टच्या मठात दाखल झाला आणि उपवास, जागरणे, थंडीत अंगावर पांघरूण न घेणे, तासन् तास पापे कबूल करणे अशा मार्गांनी देवाला संतुष्ट करू पाहत राहिला. त्याचे वडीलधारे श्टाउपिट्स यांनी त्याला स्वतःकडे पाहणे सोडून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगितले. ही केवळ प्रॉटेस्टंटांची भूमिका आहे, असेही नाही. युरोपात प्लेगच्या काळात चाबकाने स्वतःला फोडून घेणाऱ्यांचे जथे गावोगाव फिरू लागले, तेव्हा पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४९ मध्ये त्यांचा निषेध केला. आजही फिलिपिन्समध्ये काही जण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) स्वतःला खिळे ठोकून घेतात, आणि तेथील कॅथलिक धर्माधिकारी त्यांना तसे न करण्याचे आवाहन करत असतात. कॅथलिक मंडळीचा उपवासाचा नियम पाहिला तर तो वर्षातून दोनच दिवसांचा आहे, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार; त्या दिवशीही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे चालते, पाण्याला मनाई नाही, आणि आजारी माणसाला सूट आहे.

आपल्या मराठी मुलखात याबाबत पंडिता रमाबाईंइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. व्रते, उपवास आणि तीर्थयात्रा यांत आयुष्य वेचलेल्या आईवडिलांची ती मुलगी. दुष्काळात ते दोघेही गेले. १८८३ मध्ये तिने इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही बरीच वर्षे, ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नाही अशी आपली अवस्था होती, असे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. अखेर आपल्या योग्यतेवर काहीच अवलंबून नाही हे तिला उमगले, आणि त्यानंतर तिने स्वतःला कष्ट देणे कमी केले असे मुळीच नाही. केडगावला शेकडो निराधार मुली-स्त्रियांसाठी ती अखेरपर्यंत राबली. फरक एवढाच, की ते कष्ट आता कोणाच्या तरी उपयोगी पडत होते.

आईविषयी लिहायला मन कचरते, पण लिहिलेच पाहिजे. त्या दुपारी तुम्ही ओरडलात आणि कडी लावलीत, ही चूक होती. ती नव्हती असे सांगून मी तुमचे सांत्वन करणार नाही. मात्र चूक जेवढी आहे तेवढीच धरावी. आईच्या वयात खुब्याचे हाड मोडणे नेहमीच जिवावर बेतू शकते, आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण उघड्या खोलीत, कुटुंबाच्या डोळ्यांसमोरही पडतात. वर्षानुवर्षे रात्रीची झोप मोडून सेवा करणारे माणूस थकते, आणि थकलेल्या माणसाच्या हातून अशी दुपार घडते. अशी सेवा करणारे जे वाचक हे वाचत असतील, त्यांनी महिन्यातून काही दिवस तरी भावंडांकडून हक्काने मदत मागावी. ती मागणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे.

ही चूक आता आईपाशी दुरुस्त करता येणार नाही. तिचे पाय धरता येणार नाहीत, तिची क्षमा मागता येणार नाही. नेमक्या याच जागी, जेथे आपल्याकडे देण्यासारखे काहीच उरत नाही, ख्रिस्ताचे प्रायश्चित्त हा अभ्यासाचा विषय राहत नाही, तर उभे राहायला उरलेली एकमेव जमीन होते. तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला, असे यशयाने म्हटले, त्यात त्या दुपारची कडीही आली. तुमचे मन तुम्हाला दोषी ठरवत राहील, आणि त्यासाठीच योहानाने लिहून ठेवले आहे, की देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे आणि तो सर्व काही जाणतो. आईची आठवण काढून रडणे थांबवा, असे मी म्हणत नाही. रडणे हे प्रेम आहे. शिक्षा हे प्रेम नाही. शिक्षा थांबली म्हणून दुःख खोटे ठरत नाही. उलट शिक्षेच्या गडबडीत तुम्हाला आईसाठी नीट शोक करायलाही सवड मिळाली नसावी, असे मला पत्र वाचताना वाटत राहिले.

आणि आता मावशी. पाच पानांच्या पत्रात त्यांच्याबद्दल दोन वाक्ये आहेत. त्यांचे काम गेले, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि पुढच्याच ओळीपासून शुक्रवारच्या उपवासाचे वर्णन सुरू होते. ताई, हे मी दुखावण्यासाठी लिहीत नाही. परंतु तुमच्या अपराधाचा जो एकच भाग आजही चालू आहे आणि आजही दुरुस्त होण्यासारखा आहे, तो या दोन वाक्यांत आहे. किराणावाल्याची उधारी थकलेली असताना आपण घरी कितीही उपाशी राहिलो तरी त्याची वही कोरी होत नाही. देवापाशी तुमचे जे होते ते ख्रिस्ताने घेतले. मावशींची गेलेली रोजी आणि त्यांच्या नावावर लागलेला डाग यांची भरपाई मात्र तुम्हालाच करायची आहे, आणि ती तुम्ही करू शकता.

कोणी म्हणेल, हेही पुन्हा कर्म करून क्षमा मिळवणेच झाले. तसे नाही. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या जकातदार जक्कयाने चौपट परत देण्याचे वचन दिले ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर. परतफेड करून त्याने येशूला घरी बोलावले नव्हते. क्षमा मिळाली म्हणूनच त्याला आपली तिजोरी उघडण्याचे धैर्य झाले. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात हाती आलेल्या नव्या करारातील ज्या डोंगरावरील प्रवचनाने ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे मन धरून ठेवले, त्याच प्रवचनात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा. तुमचे चाळीस दिवसांचे अर्पण तेथेच ठेवा.

आता प्रत्यक्ष काय करावे. आधी पाळकसाहेबांना भेटा आणि जे मला लिहिले ते सर्व त्यांना सांगा. तुमच्या पत्रावरून त्यांना आई पडली एवढेच ठाऊक दिसते, त्यामुळे त्यांचे सांत्वन तुमच्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. कबूल केलेल्या पापाची क्षमा दुसऱ्या माणसाच्या तोंडून, स्वतःच्या कानांनी ऐकणे ही फार मोठी गोष्ट आहे. त्यानंतर भाऊ की मावशी, हा प्रश्न येईल. माझे मत मावशी आधी असे आहे, कारण त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. संस्थेकडून त्यांचा पत्ता मिळवा, शक्य तर पतींना सोबत घेऊन त्यांच्या घरी जा आणि थोडक्यात सांगा: त्या दुपारी मीच तुम्हाला औषधांना पाठवले होते, कडी मी लावली होती, दोष तुमच्यावर ढकलला तो खोटा होता. कारणे सांगू नका, तांदळाच्या दाण्यांविषयी आणि उपवासांविषयी तर मुळीच सांगू नका. तुमचे सांत्वन करण्याचे ओझे त्यांच्यावर पडता कामा नये. संस्थेला लेखी पत्र द्या आणि त्याची प्रत मावशींना द्या, म्हणजे पुढच्या ठिकाणी काम मागताना ती त्यांच्या हाती असेल. बुडालेल्या पगाराची रक्कम हिशेब करून द्या. ती दान म्हणून नव्हे, त्यांचे देणे म्हणून. त्या रागावल्या, दारातूनच परत पाठवले, तर तो त्यांचा अधिकार आहे असे समजून पत्र आणि रक्कम तेवढी पोहोचती करा.

भावाला फोनवर नव्हे, समोरासमोर सांगावे. तो कदाचित बराच काळ बोलणार नाही, आणि ही किंमत खरी आहे. ती नाही असे मी म्हणणार नाही. पण खोट्यावर उभे असलेले नाते तुम्हाला आजही आधार देत नाही, हे तुमच्या पत्रातूनच दिसते.

उपवास सोडूनच द्यावा का? डॉक्टरांची परवानगी असेल तर एक वेळचे जेवण सोडावे, पाणी आणि औषध घ्यावे आणि त्या जेवणाचा खर्च गरजूला द्यावा. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास भुकेल्याला अन्न वाटून देणारा आहे. मात्र पुढचे काही महिने तुम्ही तोही करू नये असे मला वाटते, कारण तुमच्यासाठी उपवास आणि शिक्षा हे दोन्ही सध्या एकमेकांत गुंतलेले आहेत. लेंटमध्ये रोज शुभवर्तमानातील दुःखसहनाचा एखादा भाग वाचा, खुर्चीवर बसून.

स्वतःला इजा करण्याची ओढ थांबत नसेल, किंवा जगूच नये असे विचार येत असतील, तर ते कोणापासूनही लपवू नका. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या) मानसोपचार विभागात दाखवता येईल, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हा विश्वासाचा अभाव नाही, हे अशाच अवस्थेत असलेल्या इतर वाचकांनाही सांगायचे आहे.

या शुक्रवारी सकाळी पाणी प्या, नाश्ता करून रक्तदाबाची गोळी घ्या आणि पाळकसाहेबांकडे जा. तेथून परतल्यावर संस्थेला फोन करून मावशींचा पत्ता विचारा.